घरावर लाइटिंग करताय? माळ घेण्याआधी बोर्ड बघा

सांगलीत विश्रामबाग, कुपवाड रोड, सांगलीवाडी, जिथं म्हणून नवी घरं उठली आहेत तिथं भाद्रपद तोंडावर आला की चौकशा सुरू होतात: लाइटिंग कुठून घेऊ, किती मीटर लागेल, कुठला रंग बरा दिसेल? माळ कुठल्या बोर्डाला लावायची आणि त्या बोर्डामागं काय आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. घरावर पहिल्यांदाच लाइटिंग करणाऱ्यांसाठी सगळी कामं क्रमानं लिहितोय. गणपतीला लावलेली माळ पुढं दिवाळीला आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तशीच राहते, म्हणून भाद्रपदातला पाऊस आणि कार्तिकातलं दव दोन्ही धरून लिहिलंय.

एक हिशेब आधी सांगतो, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एलईडी माळ साधारण १० वॅटची धरा. अशा दहा माळा लावल्या तरी १०० वॅट होतात, म्हणजे २३० व्होल्टवर अर्धा अँपिअरसुद्धा नाही. रोज सहा तासांप्रमाणे पंधरा दिवस चालवल्या तर नऊ युनिट जळतात. लोड वाढून वायर पेटेल ही भीती जुन्या बल्बच्या माळांच्या काळातली. आज धोका आहे तो लीकेजचा. माळेचा सोललेला भाग ग्रिलला टेकतो, ग्रिल ओली असते आणि कुणीतरी अनवाणी येऊन तिला हात लावतं. अंगातून ३० मिलिअँपिअर करंट गेला तरी जिवावर बेतू शकतं. तुमचा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की पडणारा बोर्डातला खटका, ६ किंवा १० अँपिअरचा असतो. सहा अँपिअर म्हणजे त्या करंटच्या दोनशेपट. माणूस चिकटला तरी एमसीबी पडत नाही, कारण तो वायर वाचवायला बसवलेला असतो. माणूस वाचवणारं उपकरण वेगळं आहे.

लागणारं साहित्य

- फेज बघायचा टेस्टर
- तीन तारांचा एक्स्टेन्शन बोर्ड, वायर किमान १ चौरस मिलिमीटरची आणि थ्री पिन टॉप असलेला
- प्लॅस्टिकच्या क्लिपा किंवा नायलॉनचे टाय. खिळे आणि तार नको.
- सुतळी, इन्सुलेशन टेप
- लाकडी किंवा फायबरची शिडी
- टायमर सॉकेट, जमलं तर
- माळांची बिलं आणि खोकी. खोकं फेकू नका, त्यावरची माहिती पुढं लागते.

## १. मेन बोर्डापाशी जा

मेन बोर्डाचं झाकण उघडा आणि ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण कुठं दिसतं का ते बघा. दिसलं तर तुमच्याकडं आरसीसीबी आहे, म्हणजे लीकेज ओळखून वीज तोडणारा, माणूस वाचवणारा तो खटका. बटण दाबा. खटका लगेच खाली पडून घरातली वीज गेली पाहिजे. नाही पडला तर तो फक्त शोभेला आहे असं समजून बदलून घ्या. एरवीही अधूनमधून हे बटण दाबत जावं. वर्षानुवर्षं न हललेला खटका ऐन वेळी अडकू शकतो.

बटण नसेल तर वायरमनला बोलवून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. तो येण्याआधी या गोष्टी माहीत असू द्या.

दुकानात १०० आणि ३०० मिलिअँपिअरचे आरसीसीबीसुद्धा मिळतात. ते दिसायला सारखेच असतात आणि कधी कधी स्वस्तही पडतात, पण माणसाच्या बचावासाठी ३०चाच लागतो. बिलावर तसं लिहून घ्या. काही पेट्यांत आरसीसीबीसारखा दिसणारा, पण टेस्टचं बटण नसलेला आयसोलेटर असतो. तो नुसता मोठा स्विच आहे, लीकेज त्याला कळत नाही. आणि आरसीसीबी बसवला म्हणजे सुटलो, असंही नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरून कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलात, तर आरसीसीबीला तुमच्यात आणि बल्बमध्ये फरक दिसत नाही.

इन्व्हर्टरचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आपल्याकडं घरोघरी इन्व्हर्टर आहे आणि ओट्यावरचा, हॉलमधला पॉइंट बरेचदा त्याच्यावर असतो. आरसीसीबी मेनला बसवलेला असतो, इन्व्हर्टर त्याच्या पुढं. लाइट गेली आणि घर बॅटरीवर आलं की त्या पॉइंटमागं आरसीसीबीचं संरक्षण राहत नाही. वर मेन बंद केला तरी माळ जिवंतच असते. म्हणून लाइटिंग इन्व्हर्टरवर नसलेल्या पॉइंटलाच लावा. कुठला पॉइंट कशावर आहे हे कळायला मेन पाडायचा आणि काय काय चालू राहतं ते बघायचं.

अर्थिंगही याच फेरीत तपासून घ्या. वायरमनच्या मीटरवर फेज आणि अर्थ यांच्यात २३०च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अगदी थोडे. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं धरू नका. त्या भोकामागं कित्येकदा वायरच नसते.

गावभाग, खणभाग, सांगलीवाडी, हरिपूर इथल्या वाचकांनी एक जास्तीचं काम करावं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्या पाण्यात बुडालेले खालच्या मजल्याचे बोर्ड वरून पुसून, रंग मारून अजून वापरात आहेत. सॉकेटच्या भोकात टॉर्च मारून बघा. पितळेवर हिरवट थर किंवा भोकाच्या कडेला गाळाची वाळलेली रेघ दिसली तर त्या पॉइंटला काहीही लावू नका, सॉकेट बदला. पुरात भिजलेली माळ उन्हात वाळवून पेटली तरी ती टाकूनच द्यायची.

## २. कुठं काय, हे कागदावर मांडा

घराचे तीन भाग करा: आतला कोरडा, छपराखालचा बाहेरचा आणि उघड्यावरचा. मखर, देवघर, हॉल आतल्या भागात. पोर्च, जिना, बाल्कनीची आतली बाजू दुसऱ्यात. गच्चीचा कठडा, कंपाउंड, झाडं, तुळशीवृंदावन तिसऱ्यात.

खोक्यावर ‘आयपी’ आणि पुढं दोन आकडे असतात. धूळ आणि पाणी आत शिरू न देण्याचं ते माप. दुसरा आकडा पाण्याचा. आयपी २० फक्त घरात. आयपी ४४ला उडतं पाणी चालतं, ती छपराखाली लावा. उघड्यावर आयपी ६५ लागते. खोक्यावर आकडाच नसेल तर माळ घरातली समजा, दुकानदार काहीही म्हणो.

प्रत्येक जागेपासून जवळचा पॉइंट किती लांब आहे तेही लिहा. एका एक्स्टेन्शनला दुसरं, त्याला तिसरं अशी गाडी जोडायची वेळ येत असेल, तर बाहेर झाकणवाला एक पॉइंट काढून घेणं पुढच्या सगळ्या सणांना स्वस्त पडतं.

## ३. खरेदी

सणाच्या तोंडावर मारुती रोडला, हरभट रोडला माळांचे ढीग लागतात. गर्दीत उभं राहून खोकं वाचायला संकोच वाटतो, दुकानदारही घाईत असतो. “काय होत न्हाई ओ, गेल्या वर्षीबी हीच विकलीया,” हे उत्तर ठरलेलं आहे. तरी वाचा.

दिव्यांच्या माळा बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) सक्तीच्या नोंदणीत येतात. खोक्यावर भारतीय मानकाची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ हे सरकारी ॲप घेतलं तर तो क्रमांक तिथंच टाकून कंपनीचं नाव पडताळता येतं. टॉप, सॉकेट आणि वायरवर नेहमीचं आयएसआय चिन्ह बघा.

आता प्रकार.

थेट २३० व्होल्टची माळ. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त खपणारी. हिच्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय: दिवा एवढासा, तीन व्होल्टचा, शॉक कसला बसतोय? दिवा तीन व्होल्टचाच असतो, पण असे अनेक दिवे एकामागं एक जोडून घराची वीज आपसांत वाटून घेतात. मधे ट्रान्सफॉर्मर नसतो. रंग बदलणारी ती हिरवी-काळी डबी उघडून पाहिलीत तर आत नखाएवढी पट्टी, तिच्यावर एक चिप, दोन-चार डायोड आणि स्विचचं काम करणारे छोटे पार्ट दिसतात. वीज कमी करणारं किंवा मेनपासून तोडणारं आत काहीच नसतं. म्हणजे जमिनीच्या हिशेबानं माळेची अख्खी वायर मेनची वायर आहे. डबीचं बटण दाबून माळ विझली तरी तिच्यात फेज राहू शकतो. हात लावायचा तर आधी पिन सॉकेटमधून बाहेर.

ॲडॉप्टरवाली माळ किंवा पट्टी. १२ किंवा २४ व्होल्टवर चालते. ॲडॉप्टर घरात कोरड्या जागी ठेवा आणि फक्त बारीक वायर बाहेर काढा. मुलांचा हात पोचतो तिथं हीच लावा. पाच मीटरच्या पुढं १२ व्होल्टच्या पट्टीचा उजेड शेवटाकडं मंद होतो. तो दोष नाही, वायरमध्ये व्होल्ट खर्च होतात. दोन तुकडे करून ॲडॉप्टरपासून वेगवेगळे न्या.

यूएसबीवरची तांब्याच्या तारेची माळ. पाच व्होल्ट. मखर आणि किल्ल्यासाठी उत्तम. फक्त चार्जर बरा वापरा, कारण मेन आणि माळ यांच्यामधली भिंत तोच असतो.

सोलर. कंपाउंडला आणि झाडांना मस्त. भाद्रपदात ढग असले की रात्री लवकर विझते.

मीटरवर मिळणारी २३० व्होल्टची रोप लाइट (दोरीसारखी लवचिक) किंवा पट्टी. गच्चीच्या कडेला लोकांना हीच आवडते आणि माझ्या मते घरी सगळ्यात जास्त जपायची हीच. ती खुणेवरच कापायची असते. कापलेल्या टोकाला उघडं तांबं राहतं आणि त्यात २३० व्होल्ट असतात. टोकाला कंपनीचं टोपण सिलिकॉन लावून बसवायचं, नुसती टेप पावसात सुटते. आणि रीळ गुंडाळलेलं असताना “पेटतंय का बघू” म्हणून दुकानात किंवा घरी चालू ठेवू नका. उष्णता आतच कोंडते आणि पट्टी वितळते.

पैसे मोजूनच असतील तर माळा कमी घ्या, पण बाहेरच्या भागासाठी ॲडॉप्टरवालीच घ्या.

## ४. टांगण्याआधी जमिनीवर

माळ कोरड्या फरशीवर पूर्ण पसरा, पिन न लावता. बोटांच्या चिमटीतून वायर टोकापर्यंत सरकवत न्या. चरा, चपटा झालेला भाग, दिव्याच्या बुडाशी सुटलेली वायर हे सगळं डोळ्यांआधी बोटांना कळतं. गेल्या वर्षीच्या माळेत उंदरानं कुरतडलेल्या जागा हमखास दिव्यांच्या मधोमध सापडतात, तिथं दोन्ही वायरी जवळजवळ असतात. कुरतडलेली माळ टेप गुंडाळूनही लावू नका, बाहेर तर अजिबात नाही.

जुन्या बारीक बल्बच्या माळा अजून माळ्यावर असतील तर एक बघा. एक बल्ब गेला की अख्खी माळ जाते, म्हणून बरेच जण तेवढा बल्ब काढून वायर थेट जोडतात. राहिलेल्या बल्बांवर व्होल्ट वाढतात, ते जास्त तापतात आणि लवकर जातात. मग पुन्हा एक जोड. असे जोड दिसले तर माळ भंगारात द्या.

मग पिन लावून अर्धा तास चालू ठेवा. नंतर बंद करून पिन काढा आणि पिन, डबी, ॲडॉप्टर यांना हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल किंवा जळका वास येत असेल तर दुकानात परत. बिल यासाठीच ठेवायचं.

## ५. टांगणे

घाई इथंच होते, म्हणून सावकाश.

लोखंडी ग्रिल, जिन्याचा कठडा, पत्र्याचं छप्पर आणि कपडे वाळत घालायची तार, या चारांपासून २३० व्होल्टची माळ लांब ठेवा. पत्र्याची कड वाऱ्यावर हलणारी वायर रात्रीतून कापते. कपड्यांच्या तारेवरून माळ नेली की एका टोकाचं लीकेज दुसऱ्या टोकाला, जिथं कुणी ओला टॉवेल टाकायला येतं तिथं, आयतं पोचतं. ग्रिलवरच लावायची असेल तर ॲडॉप्टरवाली लावा, आणि तीसुद्धा प्लॅस्टिकच्या क्लिपांवर.

खिळा वायरमधून जाऊ नये हे सगळ्यांना कळतं. पण तारेनं आवळून बांधलेली गाठही तेच करते, फक्त आठवडाभरानं. टायसुद्धा आवळू नका, खाली बोट जाईल एवढी जागा ठेवा.

बाहेरून येणारी वायर सॉकेटमध्ये, होल्डरमध्ये किंवा खिडकीतून आत जाण्याआधी तिला खाली एक झोळ द्या. पावसाचं पाणी वायरवरून ओघळत येतं आणि झोळाच्या तळाशी टपकून जातं. झोळ नसेल तर तेच पाणी थेट बोर्डात उतरतं. दोन माळांचा जोड कधीच जमिनीवर किंवा कुंडीत नको. भिंतीवर वर घ्या, तोंड खाली करा. किती माळा एकामागं एक जोडता येतात ते खोक्यावर असतं, त्यापुढं जाऊ नका. शेवटच्या माळेचं जोडायचं टोक उघडं राहतं, त्याला टोपण घाला.

वायर दारातून काढली तर दार लागताना चिरडते. खिडकीच्या सरकत्या काचेखाली तेच होतं. दाराच्या चौकटीला छोटं भोक पाडून घेतलं की हा प्रश्न कायमचा मिटतो.

खांबावरून घरात येणारी महावितरणची सर्व्हिस वायर आणि समोरून जाणाऱ्या लाइनच्या तारा, यांच्या आसपास माळ, शिडी किंवा बांबू काहीही न्यायचं नाही. ओला बांबू वीज वाहतो. समोरच्या झाडावर माळ फेकून टाकायची हौस असेल तर त्या झाडातून तार जात नाही ना, ते दिवसा बघा. रस्त्यावरच्या खांबावर आकडा टाकून गल्ली उजळणं ही विद्युत कायदा २००३च्या कलम १३५ खाली वीजचोरी आहे. गल्लीचं मंडळ असेल तर महावितरणकडून तात्पुरतं कनेक्शन मिळतं, ते घ्या.

## ६. आकाशकंदील, मखर, किल्ला

कंदिलात ४० किंवा ६० वॅटचा जुना बल्ब नको, कागद करपतो. ५ ते ९ वॅटचा एलईडी पुरतो. कंदिलाचं वजन सुतळीवर यायला हवं, वायरवर नाही. वायर सैल आणि सुतळी ताठ, असं बांधा. वाऱ्यात कंदील गरगरतो आणि वायरवर भार असेल तर होल्डरमधला स्क्रू ढिला होतो.

मखरात समई आणि निरांजन माळेपासून हातभर लांब. पाण्यात भिजवून ठेवलेले हार आणि दूर्वा थेट माळेवर घालतात, त्यांचं पाणी दिवसभर टपकत राहतं. हारासाठी वेगळा दोरा बांधा. आरतीला गर्दी होते आणि एक्स्टेन्शन बोर्ड कुणाच्या तरी पायाखाली येतोच, म्हणून तो जमिनीवर न ठेवता भिंतीला अडकवा.

किल्ल्याबद्दल मी थोडा कडक आहे. किल्ला म्हणजे ओली माती. हळीव-मोहरी उगवावी म्हणून मुलं दिवसातून दोनदा पाणी मारतात आणि मावळे हलवायला त्याच मातीत हात घालतात. तिथं मेनची माळ, गुहेत होल्डर लावून बल्ब, कारंज्याला घरगुती मोटर, यातलं काहीही नको. सेलवरची किंवा पॉवर बँकेवरची यूएसबी माळ द्या. बुरुजावरचा उजेड तेवढाच पडतो.

## ७. रोज

झोपण्याआधी आणि घर बंद करून गावाला जाताना पिन काढायची. विसरता येत असेल तर टायमर सॉकेट लावा. जोराचा पाऊस झाला की बाहेरच्या माळा त्या दिवशी बंद. आरसीसीबी पडला तर तो पुन्हा पुन्हा वर करून बघू नका. सगळ्या माळांच्या पिना काढा, खटका वर करा, मग एकेक लावत जा. जिच्यावर पडेल ती माळ बाजूला. “हा खटकाच वैताग देतोय” म्हणून आरसीसीबी बायपास करून देणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

## ८. काही झालंच तर

कुणी चिकटलं तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा, इन्व्हर्टरही. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडानं किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीनं वायर बाजूला करा. माणूस सुटला तरी १०८ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि छाती दाबायचं कुणाला येत असेल तर गाडीची वाट न पाहता लगेच सुरू करा. शॉक बसून नंतर बरा दिसणारा माणूसही डॉक्टरला दाखवायचा.

माळ पेटली तर पाणी नाही. वीज तोडा, मग कोरडी माती किंवा पावडरचं अग्निशामक. अग्निशमन १०१. बाहेरची तार तुटून पडली असेल तर लांब राहून १९१२ला कळवा.

## ९. उतरवताना

तुळशीचं लग्न झालं की माळा उतरवा. “राहू दे, पुढच्या सणाला होतील” म्हणून गच्चीवर राहिलेली माळ उन्हाळ्यात कडक होते आणि पहिल्या पावसात तडकते. काढताना ओढू नका, टाय कापून सोडवा. ओल असेल तर दिवसभर सावलीत वाळवा. पुठ्ठ्यावर सैल गुंडाळा आणि त्यावर पेननं लिहा: घरातली की बाहेरची, कुठल्या वर्षी घेतली. मग झाकणाच्या डब्यात. धान्याच्या पोत्यांशेजारी किंवा हळदीच्या खोलीत ठेवू नका, उंदीर तिथंच असतात. डब्यात तीच मूळ खोकी आणि बिलं ठेवा, पुढच्या भाद्रपदात आयपीचा आकडा शोधत बसावं लागणार नाही.